हळदीच्या गिरणीतला पांढरा सदरा

सांगलीत हळद दळणारा माणूस ओळखायला फार हुशारी लागत नाही. भुवया पिवळ्या, नखं पिवळी, कानामागची रेघ पिवळी. अशा धंद्यात आमचे अप्पा पांढरा सदरा, पांढरा लेंगा आणि पांढरी टोपी घालून गिरणीत यायचे. तेही कडक इस्त्रीचे. दिवसभर पोत्यांतून आणि यंत्रांतून फिरायचे आणि संध्याकाळी अंगणात येऊन बाही उजेडात धरून बघायचे. बाही पांढरी असली की स्वारी खूश. जरा पिवळी झाक दिसली की दुसऱ्या दिवशी दळण बंद आणि हळद कुठून निसटली याचा शोध सुरू. "ह्यो सदरा न्हाई, मीटर हाय मीटर," असं ते सांगायचे. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना मात्र ते मतं मागायला आलेले पुढारीच वाटायचे.

मी मूळची वडूजची. बी.कॉम. झाल्यावर सांगलीत मावशीकडे राहायला आले आणि मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीतल्या या गिरणीत बिलं करायला लागले. हळदीची गिरणी म्हटल्यावर आईनं मुद्दाम चॉकलेटी रंगाचा मळखाऊ ड्रेस शिवून दिला होता. तो घालून पहिल्या दिवशी गेले, तर अप्पांनी नमस्कार घ्यायच्या आधी माझ्या ओढणीकडे बघितलं. "मळखाऊ कापड म्हंजे खोटं बोलणारं कापड, पोरी," ते म्हणाले. "उद्यापासनं फिकं घालून ये." मी म्हटलं, "आणि डाग पडला तर?" "पडला तर मला दाव. हितं पडलेला डाग तुझा न्हाई, माझा." हा कसला मालक, असं मनात म्हणत मी घरी गेले आणि मावशीचा मोतिया रंगाचा ड्रेस मागून घेतला.

धूळ धरायची यंत्रं हा अप्पांचा जीव की प्राण. दळायचं यंत्र काय कुणाकडेही असतं, असं त्यांचं मत. गिरणीत पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला मागच्या बाजूला नेऊन दोन गोष्टी दाखवायचे. एक म्हणजे पत्र्याचं मोठं उलटं नरसाळं. दळताना उडालेली हळद पंख्यानं ओढून त्यात आणली जायची. तिथं हवा गरगर फिरायची आणि जाडसर भुकटी कडेला आपटून खाली पडायची. त्याला सगळे भोवरा म्हणत. दुसरं म्हणजे पत्र्याचं उंच कपाट. त्यात माणसाच्या उंचीच्या कापडी पिशव्या ओळीनं टांगलेल्या. भोवऱ्याला न सापडलेली बारीक हळद घेऊन हवा त्या पिशव्यांवर यायची, हळद कापडाबाहेर अडकायची आणि स्वच्छ हवा कापडातून पार होऊन छपरावरच्या नळीतून बाहेर जायची. मधूनमधून वाऱ्याचा फटका बसून पिशव्या झटकल्या जात, तेव्हा कपाटातून 'फट्' असा आवाज यायचा. नवा माणूस दचकायचा. अप्पा त्या दचकण्याचीच वाट बघत उभे असायचे.

"ह्यो भोवरा म्हंजे गावचा हवालदार," ते समजावून सांगायचे. "दांडगं चोर तेवढं धरतो. बारीक चोर त्येच्या हातातनं सुटत्यात. ते धराय ह्या पिशव्या." पिशव्यांखाली जमणाऱ्या मऊशार हळदीला ते 'फरारी' म्हणायचे. सकाळी गिरणीत आल्या आल्या पहिला प्रश्न असायचा, "काल किती फरारी धरलं?" पोलीस ठाण्यातसुद्धा या प्रश्नाचं उत्तर इतक्या तत्परतेनं मिळत नसेल. आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांमधल्या मुख्य शेवंतामावशी घमेलं पुढं करून दाखवायच्या.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदा हसत हसत सांगितलं. गिरणी त्यांच्या वडलांची. तेव्हा यंत्राच्या तोंडाला पोतं बांधायचं, एवढीच काय ती धूळ धरायची सोय. अप्पा तरुणपणी कुंडलला मुलगी बघायला गेले. घरात शिरताच मुलीच्या आजीनं त्यांच्या डोळ्यांत निरखून बघितलं आणि आत जाऊन सांगितलं, पोराला कावीळ झालेली दिसते. अप्पांनी शपथा घेतल्या, जीभ काढून दाखवली, पण आजी ऐकेनात. शेवटी मुलीनंच दाराआडून सांगितलं, "आज्जी, हळदीचा वास येतोय." तीच मुलगी पुढं त्यांची बायको झाली. हे सांगून झाल्यावर अप्पांनी बाहीवरची सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, "पर आमच्या आईला मातर खरंच भोवलं. मिरची बी दळायचो तवा. आई चाळायला बसायची. तिचा खोकला आमाला घरातल्या घड्याळासारखा सवयीचा झाला हुता. ती गेली तवा घर लय गप झालं." त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा भोवरा बसवला, मग कपाट. मला त्यांच्या वेडाचं हसू येणं त्या दिवसापासून थांबलं. थट्टा मात्र चालू राहिली.

प्रवासात इतर माणसं देवळांचे कळस बघतात, अप्पा चिमण्या बघायचे. इस्लामपूरकडे गेले की तिकडच्या कुठल्यातरी कारखान्याच्या धुराड्याखाली उभे राहायचे आणि परत आल्यावर आम्हाला त्याचं साग्रसंगीत वर्णन ऐकवायचे. बॉयलरच्या धुरातली राख पाण्याच्या फवाऱ्यानं कशी खाली बसवतात हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत असूया दिसायची. "त्यांचं बरं हाय. राख भिजली तर भिजली. आपला माल भिजवून कसं चालंल?" म्हणायचे आणि परत आपल्या पिशव्यांच्या कौतुकाला लागायचे.

माझ्या लग्नाला ते वडूजला आले, ती तर आमच्या घरात अजून चघळली जाणारी गोष्ट आहे. हळदीसाठी त्यांनी आदल्या दिवशी डबा पाठवला होता. आत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. घेऊन आलेल्या माणसानं निरोप सांगितला, "अप्पा म्हणले, ही पिशव्यातली हाय. लय मऊ. आमच्या पोरीला फरारीच लावायची." लग्नाच्या दिवशी मात्र अक्षता पडल्या तरी अप्पांचा पत्ता नाही. पंगत उठायच्या वेळी स्वारी आली. सदरा पांढरा होताच, पण भुवया, मिशा आणि पापण्यासुद्धा पांढऱ्याफेक. वाटेत एका खडी क्रशरची धूळ शेजारच्या ज्वारीवर बसलेली दिसली म्हणून गाडी थांबवून ते तिथल्या मालकाला समजवायला गेले होते. "त्येला म्हणलं, गड्या, नुसता पाण्याचा फवारा मार की रं वरनं. ज्वारीनं तुझं काय घोडं मारलंय?" माझ्या सासऱ्यांनी हळूच विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, आमचे मालक. त्यांना ते खरं वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. गिरणीच्या भिंतीला लागून कांबळे बाईंचं घर. बाई प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आवाज असा की गल्लीतली मोठी माणसंही हाक ऐकून खिशातले हात बाहेर काढायची. घर बांधून राहायला आल्या त्याच आठवड्यात त्या गिरणीत आल्या आणि छपरावरच्या नळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माझी वाळत घालायची दोरी या नळीच्या समोर येते." दुसरा कुणी असता तर नियम सांगत बसला असता. अप्पा म्हणाले, "बाई, ज्या दिवशी तुमच्या दोरीवर पिवळं दिसंल, त्या दिवशी ही गिरणी हितनं हलवीन. शब्द हाय आपला."

तेव्हापासून एक रिवाजच पडला. संध्याकाळी दळण थांबलं की अप्पा अंगणात उभे राहायचे. उन्हं असतानाच जेवायचा त्यांचा नेम, त्यामुळं घरी जायची घाई असायची, पण हे झाल्याशिवाय पाय निघायचा नाही. बाई गच्चीच्या कठड्याशी येऊन कपडे काढता काढता एकेक उलटसुलट करून बघायच्या. "काय बाई?" अप्पा खालून विचारायचे. "पांढरं आहे, अप्पा." "मग उद्या चालू करतो." एवढंच संभाषण. पावसाळ्यात दोरी रिकामी असली तरी बाई कठड्याशी यायच्या आणि अप्पा विचारायचेच.

हा शब्द किती जड आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गिरणी हलवायची म्हणजे थेट कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. गिरणीतल्या बहुतेक बायका याच गल्लीतल्या. शेवंतामावशींची सासू अंथरुणाला खिळलेली. मावशी दुपारी घरी पळत जाऊन तिला भरवायच्या आणि परत यायच्या. गिरणी लांब गेली असती तर त्यांचं काम तिथंच संपलं असतं.

आणि नेमकं मावशींच्याच हातून ते घडलं. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असायची. त्या वर्षी अष्टमीला अप्पा इस्लामपूरला गेले होते. इकडे मावशींनी बायकांना जमवलं. अप्पा वर्षभर स्वच्छता स्वच्छता करून आमचे कान किटवतात, मग पूजेला त्यांच्या लाडक्या पिशव्या पिवळ्याच का राहाव्यात? झालं. कपाट उघडलं, पिशव्या उतरवल्या आणि मागच्या नळाखाली धुण्याच्या सोड्यात घालून बडव बडव बडवल्या. सोड्यानं हळद लाल होते. गटारातून कुंकवासारखं पाणी वाहिलं. दुपारपर्यंत पिशव्या अंगणात वाळत होत्या आणि सगळी गिरणी त्यांचं कौतुक करत होती. मीही केलं. इतक्या गोऱ्या झाल्या होत्या त्या. संध्याकाळी परत टांगल्या आणि अप्पांना उद्या चकित करायचं ठरलं.

खंडेनवमीला अप्पा आले ते थेट पूजेलाच. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ सगळं यथासांग झालं. मग रिवाजाप्रमाणे मुहूर्ताचं दळण टाकलं आणि अप्पांनी बटण दाबलं. दोन-तीन पोती झाली असतील. अप्पा मागच्या बाजूला चक्कर मारून आले, सवयीनं बाहीकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. बाही पिवळी होती. त्यांनी धावत जाऊन यंत्र बंद केलं. शेवंतामावशी हसत पुढं आल्या. "अप्पा, वळकलं का न्हाई? पिशव्या धुतल्या आमी!"

अप्पा खाली बसले. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं ते आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. कापड म्हणजे नुसता आधार. त्याच्यावर हळदीची पातळ साय बसते आणि ती सायच बारीक हळदीला अडवते. "धूळच धुळीला धरती, शेवंता. नवी पिशवी बी आधी थोडी माखून घ्यायची आसती. तुमी साय धुऊन टाकली, आता नुसतं कापड ऱ्हायलं. त्येच्यातनं समदं पार." मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात वरून बाईंच्या सुनेची हाक आली, "आई, अहो साड्या बघा!"

दुसऱ्या दिवशी दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. बाईंच्या घरातल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून सकाळी विहारात जायच्या. त्या साड्या धुऊन, खळ घालून बाईंनी गच्चीवर वाळत घातल्या होत्या. ओल्याच होत्या. नळीतून निघालेली हळद त्यांच्यावर जाऊन बसली होती. आम्ही सगळे गच्चीवर धावलो. दोरीभर लग्नाची हळद लागली होती. सून साबणाची वडी घेऊन नळाकडे निघाली होती, तेवढ्यात अप्पा जिन्यातूनच ओरडले, "आवं बाई, साबण लावू नका! लाल हुतील! साबण न्हाई, सोडा न्हाई. नुसतं पाणी आणि ऊन!" नव्वद टक्के सांगलीकर हळदीचा धंदा जाणतात, पण इतक्या वेगानं जिना चढणारा हळदीचा व्यापारी मी दुसरा बघितला नाही.

मग साध्या पाण्यातून साड्या खळबळून काढल्या आणि परत उन्हात टाकल्या. ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. हळदीला ऊन सोसत नाही, रंग उडून जातो, हे अप्पांना माहीत होतं. ते दुपारभर त्या गच्चीवर टोपी काढून बसून राहिले. साडी सुकली की बाई पाण्याचा हात फिरवत होत्या आणि अप्पा ती उलटी करून टाकत होते. जेवायला चला म्हटलं तर दोघंही हलेनात. उन्हं कलली तेव्हा पिवळेपण जवळजवळ गेलं होतं.

अप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला, फक्त या वेळी गच्चीवरूनच. "काय बाई?"

"पांढरं आहे, अप्पा."

"न्हाई. पदराला झाक हाय. बगा की ही."

"मला दिसत नाही."

"मला दिसती. दिवाळी झाली की हलवतो. कुपवाडला जागा बगतो." आणि ते जिना उतरायला लागले.

शेवंतामावशी तिथंच मटकन बसल्या आणि रडायला लागल्या. "माझ्या हातानं झालं वो. माझ्या हातानं गिरनी हलली." अप्पा अर्ध्या जिन्यातून परत आले. "गप," ते म्हणाले. "हितं पडलेला डाग तुझा न्हाई, माझा. वरीसभर नुसतं स्वच्छता म्हणून वरडलो, साय म्हंजे काय ते एकदा बी सांगितलं न्हाई." आणि त्यांनी टोपीनं डोळे पुसले. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. आईबद्दल सांगतानासुद्धा नाही.

बाईंनी चष्मा काढून दोरीवरच्या साडीच्या पदराला पुसला. त्याच पदराला, जिथं अप्पांना झाक दिसत होती. "अप्पा, शब्द कुणाला दिला होता? मला की गावाला?"

"तुमाला."

"मग शिक्षा मी ठरवणार. शाळेत मूल चुकलं की मी त्याचं नाव कधी कमी केलं नाही. पहिल्या बाकावर आणून बसवायचे. डोळ्यांसमोर. उद्यापासून तुमचा सदरा माझ्या दोरीवर वाळेल. रोज. तुमच्या नळीच्या समोर. तो पिवळा झाला की मी स्वतः टेम्पो बोलावून तुमची गिरणी हलवीन."

अप्पा काहीतरी बोलायला गेले. बाई म्हणाल्या, "हाताची घडी." आणि खरं सांगते, त्या पांढऱ्या सदऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसानं हाताची घडी घातली.

दसऱ्याला सकाळी बाई आणि घरच्या बायका विहाराकडे निघाल्या तेव्हा अप्पा सोनं घेऊन कोपऱ्यावर उभे होते. बाईंच्या हातात आपट्याचं पान देताना त्यांची नजर पदरावरच होती. बाईंनी पदर मुद्दाम झटकून खांद्यावर नीट घेतला आणि ताठ मानेनं पुढं गेल्या.

तेव्हापासून अप्पांचा धुतलेला सदरा रोज सकाळी बाईंच्या घरी जायचा. गल्लीत सुरुवातीला कुजबुज झाली. शेटजींचा सदरा बाईंच्या दोरीवर, यावर काहींनी तोंडं वाकडी केली, काहींनी विनोद केले. अप्पांनी सदरा पाठवणं एक दिवसही चुकवलं नाही. एकाला फक्त एवढं म्हणाले, "आवं, साऱ्या सांगलीत चांगलं ऊन तितंच पडतं." शेवंतामावशी मात्र पिशव्यांच्या बाबतीत इतक्या कडक झाल्या की कपाटाला हात लावायला अप्पांनासुद्धा त्यांची परवानगी लागायची. नवी पिशवी चढवायची तर आधी तिला हळद माखून घ्यायच्या आणि नवरीला हळद लावावी तसं तेव्हा गाणं गुणगुणायच्या.

पुढं नवऱ्याची बदली झाली आणि मी साताऱ्याला आले. अप्पा फोन करायचे. तब्येतीची चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडं धूळ कशी हाय?" मी म्हणायचे, साताऱ्यात हवा चांगली आहे, अप्पा. त्यावर ते थोडे नाराज व्हायचे.

ते गेले त्याची बातमी मला उशिरा कळली. झोपेतच गेले. त्यांचा मुलगा महावीर म्हणाला, आदल्या संध्याकाळी अंगणात उभे राहून नेहमीसारखं विचारूनच घरी आले होते. मी फोन ठेवला आणि खूप रडले. माझ्या वडलांइतकंच मी त्यांच्यावर प्रेम केलं होतं आणि हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी सांगलीला गेले तेव्हा आधी गिरणीत गेले. पिशव्यांच्या कपाटातून 'फट्' आवाज आला आणि मी दचकले. दचकण्याची वाट बघणारं कुणी शेजारी उभं नव्हतं. शेवंतामावशींनी हात धरून मला बाईंच्या गच्चीवर नेलं. बाई आता काठी घेऊन चालतात. दोरीवर एकच सदरा होता. कॉलर विरलेली, एका बाहीला रफू केलेलं. अप्पांच्या मागं बाईंनी तो घरच्यांकडून मागून घेतला होता आणि अजून रोज धुऊन तिथं घालत होत्या.

दळण थांबलं. बाईंनी सदरा काढला, उलटा केला, सुलटा केला, बाही उजेडात धरली. खाली अंगणात महावीर येऊन उभा राहिला होता. अंगात निळा शर्ट, भुवया मात्र काळ्याभोर.

"काय बाई?" त्यानं विचारलं.

बाई कठड्याशी गेल्या. "पांढरं आहे, अप्पा," त्या म्हणाल्या.

आपलं काही चुकलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. महावीरनं वर माझ्याकडे बघितलं, पण नाव दुरुस्त केलं नाही. त्यानं मान डोलावली आणि वडलांच्याच सुरात म्हणाला, "मग उद्या चालू करतो."